जुनी मोटार : टर्बोची की साधी?

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली, की उतारूंचे दोन तट पडतात. एक तट वड्याच्या मागे धावतो. दुसरा खिडकीशी मान वाकडी करून गाडीच्या शेपटाकडे पाहत बसतो. तेथे ज्यादा इंजिने मागून जोडली जात असतात. पुढे बोरघाट आहे, कोठे कोठे ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, आणि मुंबईहून गाडी ओढीत आणलेल्या इंजिनाला तो एकट्याने पेलत नाही. १८६३ साली या घाटातून आगगाडी सुरू झाली. तेव्हापासून चढाला मागून रेटा लागतो ही गोष्ट कर्जतकरांना कोणी पुस्तकातून शिकवावी लागलेली नाही.

यंदा हाच प्रश्न आमच्या घरात मोटारीचे रूप घेऊन आला. माझा भाचा राहतो कर्जतला आणि नोकरी करतो खोपोलीजवळच्या एका कारखान्यात. आठवड्यातून एकदा-दोनदा त्याला पुण्याला जावे लागते. स्वतःची पाच वर्षांची शिल्लक आणि आईने त्याच्यासाठी मोडायला काढलेली एक मुदतठेव, एवढ्या भांडवलावर त्याला मोटार घ्यायची होती. आणि तीही साधीसुधी नव्हे, स्पोर्ट्स कार! नवी परवडणार नाही हे त्याचे त्यालाच कळत होते. तेव्हा जुनी. आणि जुनीत टर्बोची घ्यावी की बिनटर्बोची, यावर घरात आठवडाभर खल झाला.

"मामा, टर्बोवालीच घेतो. घाटात तिच्यासारखी मजा नाही," तो म्हणाला.

"मजा राहू दे. बिघडली तर भरणार कोण?" माझी ताई आतून म्हणाली.

दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि गंमत अशी की दोघांनाही दुसऱ्याचे म्हणणे किती खरे आहे याची कल्पना नव्हती.

आधी स्पोर्ट्स कार या शब्दाचा हिशेब लावू. दोन माणसांपुरती, जमिनीला चिकटून पळणारी जी मोटार चित्रपटात दिसते ती आपल्या घरांत सहसा येत नाही. आपल्या मुलांची स्पोर्ट्स कार म्हणजे चौघांच्या लहान मोटारीच्या अंगात भरलेले जादा वारे! फोक्सवॅगनची पोलो हे त्याचे चांगले उदाहरण. ही मोटार २०१० साली आपल्या बाजारात आली आणि २०२२ साली तिचे येथील उत्पादन थांबले. बनत होती ती घाट चढून गेल्यावर थोड्याच अंतरावर, चाकणला. तिची दोन रूपे शेजारी शेजारी ठेवली तर आपला प्रश्न जणू परीक्षेच्या पेपरासारखा समोर येतो. पहिले रूप १.६ लिटरचे, बिनटर्बोचे. ते आरंभीची थोडीच वर्षे विकले गेले. दुसरे २०१३ सालचे जीटी टीएसआय. त्याचे इंजिन अवघे १.२ लिटरचे, पण त्याला टर्बो लावलेला. नवल असे, की दोहोंची अश्वशक्ती एकच : १०५.

मग फरक कशात? मोटारवाले ज्याला टॉर्क म्हणतात, त्याला आपण चाकाला मिळणारा पीळ म्हणू. साध्या १.६ चा पीळ १५३ न्यूटन-मीटर, आणि तो पूर्ण हाती लागतो इंजिनाचे मिनिटाला ३८०० फेरे झाल्यावर. टर्बोवाल्या १.२ चा पीळ १७५, आणि तो १५०० फेऱ्यांपासूनच हजर! पहिला पैलवान अंग तापल्याखेरीज डाव टाकत नाही. दुसरा अंथरुणातून उठल्या उठल्या लंगोट कसून उभा राहतो. खोपोली सोडून जुन्या रस्त्याने वळणे घेत वर जाताना, पुढे लाकडाने भरलेला ट्रक मुंगीच्या पावलाने चाललेला असताना आणि तुमच्या मोटारीत चार मोठी माणसे व वातानुकूलन चालू असताना, हा फरक काय असतो ते पायाला कळते. साध्या मोटारीला गिअर उतरवून तिसऱ्यात, प्रसंगी दुसऱ्यात आणावे लागते आणि इंजिन ओरडू लागते. टर्बोवाली पाय दाबताच निघते. शिवाय लोणावळा गाठेपर्यंत आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास वर येतो, हवा विरळ होते, आणि साध्या इंजिनाचे पाच-सहा टक्के बळ वाऱ्यावरच जाते. टर्बो आपला पंखा जरा जास्त फिरवून ती तूट बरीचशी भरून काढतो.

मी मराठीचा मास्तर असल्यामुळे यंत्रापेक्षा आधी शब्दाकडे माझे लक्ष जाते. टर्बो हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ वावटळ, आणि मुले दोरी गुंडाळून फिरवतात तो भोवराही! आपल्या 'भोवरा' शब्दालाही खेळणे आणि पाण्यातले गरगरते वळण असे दोन्ही अर्थ आहेत. दोन दूरच्या भाषांना एकच गोष्ट एकाच तऱ्हेने दिसावी, हे मला त्या १०५ अश्वांहून अधिक मौजेचे वाटते, पण भाच्याला ते सांगितले तेव्हा तो "हो का?" एवढेच म्हणाला.

खरे तर खोपोलीकरांना या भोवऱ्याची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे. टाटांचे वीजघर खोपोलीला १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूला साठवलेले पावसाचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते, चक्राच्या वाट्यांवर आदळते, चक्र फिरते आणि वीज निघते. ते चक्र म्हणजे टर्बाइन. मोटारीत पाण्याच्या जागी इंजिनातून बाहेर पडणारा धूर असतो. एरवी वाया जाणारा हा तापलेला धूर एका छोट्या चक्राला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, म्हणून बळ जास्त. कर्जतची मागची इंजिने स्वतःचे बळ घेऊन येतात. हा गडी मालकाच्या उच्छ्वासावरच मालकाला ढकलतो! आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. विक्रीच्या मोटारींत ती अमेरिकेत १९६२ साली आली, आणि १९७५ च्या पोर्श ९११ टर्बोने तिला असा काही रुबाब दिला की टर्बो हा शब्द पुढे इस्त्रीपासून पंख्यापर्यंत कशावरही छापला जाऊ लागला.

येथवर भाचा जिंकत आला. ताईचा पक्ष येथून सुरू होतो.

तो चिमुकला भोवरा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो. पेट्रोलच्या इंजिनात त्याच्या एका टोकाला आठ-नऊशे अंश तापलेला धूर असतो आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. मधला दांडा कशावर टेकलेला असतो? तेलाच्या एका पातळ थरावर! ते तेल स्वच्छ आणि वाहते असेल तोवर टर्बो दीड लाख किलोमीटरही सुखाने जातो. तेल वेळेवर बदलले नाही, स्वस्त तेल घातले, किंवा घाट दामटून चढल्यावर खंडाळ्याला भज्यांच्या घाईने किल्ली फटकन बंद केली, की तेल तेथल्या तेथे करपते. कढईत तेल करपून काट धरते ना, तसेच. रोज थोडे थोडे. नव्या गाड्यांपैकी काहींत इंजिन बंद झाल्यावरही पाणी खेळते ठेवणारा पंप असतो, पण करपलेले तेल काही तो ताजे करीत नाही. जुन्या काळी घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी मोटारी थांबत, रेडिएटरमध्ये पाणी घालीत, देवाला पैसा वाहत आणि मग पुढे जात. त्या थांबण्यात श्रद्धा किती आणि यंत्रशास्त्र किती हे कोणी मोजले नाही, पण इंजिनाला ते मानवत असे खास.

म्हणून माझे मत असे झाले, की जुनी बिनटर्बोची मोटार घेताना आपण मोटार विकत घेतो, आणि जुनी टर्बोची घेताना आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो. साधे इंजिन मालकाचा आळस बराच सोसते. त्याला पंखा नाही, दाबलेली हवा नेणाऱ्या नळ्या नाहीत, ती हवा थंड करणारी जाळी नाही. १.६ मध्ये पेट्रोल झडपेच्या अलीकडे फवारले जाते, त्यामुळे झडपा धुतल्या जातात. टीएसआयमध्ये ते थेट कोठीत जाते आणि झडपांवर काजळी साचते. यांपैकी काहीही पहिल्या पाच वर्षांत त्रास देत नाही. त्रास देते ते दुसऱ्या मालकाला, म्हणजे तुम्हाआम्हाला.

आणखी एक गोष्ट टर्बोच्या गळ्यात बांधून येते, तिची चर्चा मात्र फारशी होत नाही. जीटी टीएसआयला दोन क्लचची, सात गतींची स्वयंचलित गिअरपेटी आहे. मोकळ्या रस्त्यावर ती लोण्यासारखी चालते. पण तिचे क्लच कोरडे, तेलात न बुडालेले आहेत, आणि चढावर इंच इंच सरकण्याने ते तापतात. आता जोडून सुट्ट्या आलेल्या शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोलनाका ओलांडून घाटात शिरून पाहा! तास तास मोटारी मुंगळ्यांसारख्या सरकत असतात. ही पेटी दुरुस्तीला निघाली तर खर्च टर्बोच्याही वर जाऊ शकतो. १.६ ला हाताने बदलायचे पाच गिअर. क्लच झिजला तर कर्जतचा मेस्त्रीही बदलून देतो.

आणि उतरण्याचे काय? चढण्याच्या कथा सगळे सांगतात. घाट उतरताना शहाणा चालक ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही. खालच्या गिअरात इंजिनालाच गाडी धरून ठेवू देतो. हे काम मोठे इंजिन लहानापेक्षा चांगले करते, आणि उतारावर टर्बो कसलीच मदत करीत नाही. स्वयंचलित पेटीतही गिअर हाताने उतरवता येतात, पण ते ठाऊक असून करणारे किती? भाच्याला मी हे विचारले तेव्हा त्याने प्रथमच वहीत काही लिहून घेतले.

गाड्या पाहायला आम्ही तिघे गेलो : भाचा, मी आणि आमच्या ओळखीचे एक वयस्क मेस्त्री. त्यांची परीक्षा साधी होती. मोटार सकाळी, इंजिन थंड असताना पाहायची. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर परत फिरायचे. मग चौघांना बसवून खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर. वर गेल्यावर दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवायचे आणि मग एकदम पाय दाबून मागे पाहायचे. निळा धूर निघाला तर तेल जळते आहे. टर्बोची बारीक शीळ ऐकू आली तर चालेल, पण भोंग्यासारखा सूर चढत गेला तर नाही. दाबाच्या नळ्यांना आतून थोडा ओलावा असतो, तेलाचे थारोळे नसते. शेवटी थेट विचारायचे, की दाब वाढवण्यासाठी गाडीच्या संगणकात कोणी हात घातला आहे का? हौशी तरुण हा उद्योग फार करतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे मूळ बनावटीत मनमानी फेरफार करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीने तो काढून दाखवला म्हणजे मग घरच्यांना त्याची किंमत कळते.

पहिली मोटार टर्बोची. रंग झकास, पण तेल बदलल्याची एकही पावती नाही. "बाहेर करून घ्यायचो," मालक म्हणाला. मेस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही! दुसरी बिनटर्बोची १.६, २०११ सालची, धडधाकट. मला ती मनापासून आवडली. पण खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली होती. पुढे तपासणी, पर्यावरण कर आणि पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण आले. शिवाय हल्ली पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी त्या काळच्या रबरी नळ्या केलेल्या नव्हत्या. तरीही ज्याला आठवड्यातून एकदा नेरळ-माथेरानच्या पायथ्यापर्यंत जायचे आहे आणि कर्जतच्या मेस्त्रीवर भागवायचे आहे, त्याने डोळे मिटून तीच घ्यावी असे मी अजूनही म्हणेन.

तिसरी पुण्यात मिळाली. २०१७ सालची जीटी टीएसआय, एकच मालक, पेशाने हिशेबतपासनीस. त्या गृहस्थांनी फाइल पुढे केली. दर तेलबदलाची पावती, तारीख, किलोमीटर. गिअरपेटीचे एकदा झालेले काम, त्याचेही बिल. घाटात मेस्त्री मागे बसून डोळे मिटून ऐकत होते. खंडाळ्याला पोचल्यावर त्या गृहस्थांनी कोणी न सांगता दोन मिनिटे इंजिन चालू ठेवले, तेव्हा मेस्त्रींनी डोळे उघडले.

घरी येऊन मी ताईला माझा हिशेब सांगितला : ही घ्यायची तर मोटारीच्या किमतीचा दहावा हिस्सा तरी पहिल्याच दिवशी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचा, आणि तो ठेवता येत नसेल तर १.६ कडे वळायचे. भाच्याने सीट-कव्हरे आणि नवी चाके यादीतून खोडली आणि तो हिस्सा उभा केला. नोंदणीपुस्तकावर मात्र बँकेच्या कर्जाची नोंद अद्याप आहे. कर्ज फिटले आहे, पण कागद उतरलेला नाही. तो उतरेपर्यंत मुदतठेव मोडायची नाही, असे ताईने बजावले आहे. आणि भाचा सध्या कर्जत-खोपोली लोकलने कामावर जातो आहे.