घरातील कॅमेरा आणि घराची मर्यादा

आपल्याकडे घराचे रक्षण पूर्वी केवळ कडी-कुलपावर अवलंबून नसे. ओसरीवर बसलेले आजोबा, चौकात धान्य निवडीत बसलेल्या बायका, समोरच्या दारातून सहज लक्ष ठेवणारे शेजारी, या सर्वांची मिळून एक नजर घरावर असे. पुढे कुटुंबे विभागली. नोकरीनिमित्त कोणी इंदूरला, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबाद वा दिल्लीला सदनिकेत स्थिरावले. पती-पत्नी दोघेही दिवसभर बाहेर राहू लागले आणि मागे उरले वृद्ध आईवडील, लहान मूल किंवा नुसते बंद दार. हरवलेल्या त्या नजरेची उणीव भरून काढण्यासाठी घरात कॅमेरा बसवावा, असा विचार आज अनेक कुटुंबांत होतो. विचार गैर नाही; मात्र शेजाऱ्याची नजर उंबरठ्यापाशी थांबत असे, कॅमेऱ्याची नजर उंबरठ्याच्या आत येते. हा भेद ध्यानात ठेवूनच ही वस्तू निवडावी व वापरावी.

घरासाठी अशी यंत्रणा सिद्ध करणाऱ्यांत एका गृहिणीचे नाव अग्रभागी आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पती आल्बर्ट यांच्या साहाय्याने १९६६ साली आपल्या योजनेच्या पेटंटसाठी अर्ज केला व २ डिसेंबर १९६९ रोजी ते त्यांना मिळाले. दारात निरनिराळ्या उंचीवर छिद्रे, त्यांतून पाहणारा वरखाली सरकणारा कॅमेरा, घरात चित्र दाखविणारा पडदा आणि बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, अशी ती रचना होती. त्या कॅमेऱ्याचे तोंड दाराकडे होते, ही गोष्ट आपणही लक्षात घेण्याजोगी आहे.

आधी हेतू, मग खरेदी

दुकानात जाण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा : आपल्याला नेमके काय पाहावयाचे आहे? घर बंद असताना कोणी शिरते का, हे पाहावयाचे असेल तर मुख्य दारावर रोखलेला एक कॅमेरा बहुधा पुरतो. एकट्या राहणाऱ्या आईला चक्कर आली तर कळावे, असे वाटत असेल तर तिच्या वावराची जागा दिसली पाहिजे. पाळण्यातील बाळासाठी चित्राइतकाच आवाजही महत्त्वाचा ठरतो. हेतू ठरला की कॅमेऱ्यांची संख्या आपोआप कमी होते, आणि ‘असू द्या एक प्रत्येक खोलीत’ असे सुचविणाऱ्या विक्रेत्याला काय उत्तर द्यावे तेही समजते.

चित्राचा हिशोब

सामान्यतः १०८० पी म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १९२० व उभे १०८० बिंदूंचे, म्हणजे एकूण सुमारे २० लाख बिंदूंचे असते. घरातील एका खोलीस ते पुरेसे होय. परंतु बिंदूंच्या संख्येइतकेच महत्त्व दृश्याच्या रुंदीला आहे. ११० अंशांचे भिंग ३ मीटर अंतरावर सुमारे साडेआठ मीटर रुंदीचे दृश्य सामावून घेते. तेच १९२० बिंदू एवढ्या रुंदीत विखुरले की एका चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम ३०-३५ येतात. अनोळखी माणसाची ओळख पटावी यासाठी दर मीटर रुंदीला २५० बिंदू असावेत, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. म्हणून असा कॅमेरा दारापासून अडीच मीटरच्या आत असावा. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला लावल्यास माणूस दिसेल, पण ओळखू येईलच असे नाही.

रात्री हे कॅमेरे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाहतात. हा प्रकाश काचेवरून परावर्तित होत असल्यामुळे खिडकीच्या आतून बाहेर रोखलेल्या कॅमेऱ्यात रात्री केवळ पांढरी चकाकी उमटते. दिवसा खिडकीसमोर ठेवल्यास पाठीमागच्या उजेडाने चेहरा काळा पडतो. तेव्हा खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी असावी. उंची साधारण २ मीटर ठेवावी. छतालगत लावल्यास येणाऱ्याची टाळू दिसते, चेहरा दिसत नाही.

साठवण, वीज आणि मानकचिन्ह

चित्रण छोट्या मेमरी कार्डावर साठते. सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने अखंड नोंद चालू राहिली, तर २४ तासांत सुमारे ११ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ६४ गिगाबाइटचे कार्ड पाच-सहा दिवसांत भरते आणि मग सर्वांत जुने चित्रण पुसून नवे लिहिले जाते. दिवाळीच्या सुटीत पंधरा दिवस गावी गेलेल्या कुटुंबाच्या घरी पहिल्याच रात्री चोरी झाली, तर परत येईपर्यंत तिचा मागमूस उरणार नाही. यावर दोन उपाय आहेत : हालचाल झाली तरच नोंद करण्याची सोय वापरावी, किंवा मोठे कार्ड घ्यावे. चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही जाते. ही भीती असल्यास कंपनीच्या संगणकावर प्रत ठेवण्याची सशुल्क सेवा घेता येते. मात्र मग आपल्या घरातील चित्रे दुसऱ्याच्या ताब्यात राहतात, याचा विचार करावा.

वीज गेली की बहुतेक कॅमेरे बंद पडतात व राउटरही बंद पडतो. ज्या गावात वीज वारंवार जाते, तेथे दोहोंसाठी बॅटरीची सोय करणे अधिक महाग कॅमेरा घेण्यापेक्षा हितावह ठरते.

खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह पाहावे व त्याखालील ‘आर’ क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळून घ्यावा. केंद्र सरकारने २०२४ साली अधिसूचना काढून अशा कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक चाचणीची अट घातली व एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. विनाचिन्हाचा स्वस्त माल घेणे म्हणजे कुलूप घेताना किल्ली दुकानदाराकडेच ठेवण्यासारखे आहे.

पहारेकऱ्यावर पहारा

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा हे घराचे आणखी एक दार आहे, आणि त्यालाही कुलूप हवे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिला फार मोठी युक्ती करावी लागली नाही. कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते. म्हणून पहिल्याच दिवशी नवा, लांब पासवर्ड ठेवावा. कॅमेरा बसविणाऱ्या कारागिराने तो घातला असेल, तर तो गेल्यावर बदलावा. मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाची दुसरी पडताळणी चालू करावी. कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा वेळोवेळी घ्याव्यात. कॅमेरा विकताना किंवा टाकून देताना कार्ड काढून घ्यावे व त्यातील सर्व नोंदी पुसाव्यात.

घरातल्या माणसांचा विचार

या विषयातील सर्वांत नाजूक भाग हाच आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हा हक्क घराच्या दाराशी संपत नाही. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांमध्ये कॅमेऱ्यांवरून वाद झाला, तेव्हा सहनिवाशाच्या संमतीवाचून निवासी भागात कॅमेरे चालविता येणार नाहीत, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ साली ठरविले; सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. घराचा कर्ता कोण, हा प्रश्न येथे गौण आहे. सून, सासू, वयात आलेली मुलगी, भाडेकरू या प्रत्येकाचे ‘हो’ किंवा ‘नाही’ विचारात घेतले पाहिजे.

स्नानगृह, शयनगृह व कपडे बदलण्याची जागा येथे कॅमेरा असता कामा नये. व्यक्तीच्या शरीराच्या खासगी भागाचे तिच्या संमतीविना चित्रण करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ६६-ई कलमान्वये ३ वर्षांपर्यंत कारावास वा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा या दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे. परंतु आपली असंख्य कुटुंबे एका खोलीत राहतात. दिवसा जो दिवाणखाना, तीच रात्री निजण्याची खोली. अशा घरी सोपा नियम पाळावा : माणसे घरात असताना कॅमेऱ्याची वीज बंद, कुलूप लावून बाहेर पडताना चालू. भिंग झाकणारी पापणी असलेला कॅमेरा मिळाला तर उत्तमच.

घरकामाच्या बाईंना किंवा बाळ सांभाळणाऱ्या ताईंना कॅमेऱ्याविषयी पहिल्याच दिवशी सांगावे. लपविलेल्या कॅमेऱ्याने विश्वास वाढत नाही. उघड सांगितलेल्या कॅमेऱ्यामुळे उद्या खोटा आळ आला तर त्यांचेही रक्षण होते. वृद्धांच्या बाबतीतही तसेच. कार्यालयातून दिवसातून दहा वेळा आईला पडद्यावर पाहणारा मुलगा तिच्याशी एकदाही बोलत नसेल, तर तिची काळजी घेतली जात आहे असे तिने कसे समजावे?

प्रसंग ओढवल्यास

घरात कोणी शिरल्याची सूचना मिळाली, तर स्वतः धावत जाण्याऐवजी ११२ क्रमांकावर कळवावे. चित्रण पुसले जाण्यापूर्वी संपूर्ण उतरवून घ्यावे, त्यात काटछाट करू नये व मूळ कार्ड जपून ठेवावे. न्यायालयात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या ६३ व्या कलमानुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. ते चित्रण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरविण्याचा मोह टाळावा. अस्पष्ट चित्रावरून निरपराध मनुष्यास चोर ठरविणे फार सोपे असते.

कॅमेरा चोराचा हात धरीत नाही, पडलेल्या आजीला उठवीतही नाही. तो केवळ पाहतो व सांगतो. पुढे धावून जावे लागते ते माणसालाच. म्हणून कॅमेरा बसविणाऱ्या कुटुंबाने शेजारच्या एका विश्वासू घराशीही संबंध जोडून ठेवावा आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांक आजीच्या उशाशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.