संगणकाचा पंखा आणि घरगुती वेगनियामक : लेखांक ३

पंख्याचा वेग निम्म्यावर आणला असता हवेचा प्रवाह निम्मा होतो, त्याला लागणारी शक्ती एक-अष्टमांशावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, हा हिशेब ध्यानी घेतला म्हणजे रात्रीच्या निवांत वेळी संगणकावर काम करणाऱ्यास वेगनियामकाचा मोह का पडावा, हे उघड होते. तथापि वेग उतरवणे हे ह्या यंत्राचे सोपे काम होय. पंखा अजिबात थांबू न देण्याची जोखीम त्याच्या शिरावर असते, आणि आजची मांडणी त्या जोखमीच्या अनुरोधानेच केली आहे.

बारा व्होल्टांचा पंखा एकदा फिरू लागला की बराच कमी दाब मिळाला तरी फिरत राहतो. परंतु निश्चल अवस्थेतून उठण्यास त्याला त्याहून अधिक दाब लागतो. म्हणून रात्री अगदी मंद करून ठेवलेला पंखा सकाळी संगणक सुरू केल्यावर जागचा हलतही नाही, असे घडू शकते. ह्यास्तव किमान दाब ७ व्होल्ट मुकर्रर करावा, हे माझे मत आहे.

एलएम ३१७ हा तीन पायांचा नियामक आपल्या ‘आउटपुट’ व ‘ॲडजस्ट’ ह्या पायांमध्ये १.२५ व्होल्टांचे अंतर कायम राखतो. त्या दोहोंमध्ये २४० ओहमचा रेझिस्टर जोडावा. ‘ॲडजस्ट’पासून वीजपुरवठ्याच्या काळ्या (ऋण) तारेपर्यंत १,१०० ओहमचा स्थिर रेझिस्टर आणि ५०० ओहमचा पोटेन्शिओमीटर एकामागून एक लावावेत. आता खुंटी कितीही फिरवली तरी दाब सुमारे ७ व्होल्टांखाली जात नाही आणि वर ९.६ पर्यंत चढतो. नियामक स्वतःसाठी दोनएक व्होल्ट राखून घेत असल्याने पूर्ण १२ व्होल्ट ह्या वाटेने मिळत नाहीत. ज्यांना वैशाखात पूर्ण वेग हवा, त्यांनी ‘इनपुट’ व ‘आउटपुट’ थेट जोडणारा एक स्विच बसवावा.

ह्या मंडलाचा मला विशेष भावलेला गुण असा, की पोटेन्शिओमीटर झिजून त्याचा संपर्क तुटला तर दाब वर चढतो, पंखा वेगाने फिरू लागतो आणि बिघाड कानांना कळतो. २४० ओहमच्या रेझिस्टरचे मात्र ह्याच्या उलट आहे : त्याचा सांधा सुटला तर दाब सव्वा व्होल्टाच्या आसपास घसरून पंखा निमूटपणे थांबतो. तेव्हा तो रेझिस्टर लांब तारांनी न जोडता नियामकाच्या पायांलगतच बसवावा, आणि त्याचा डाख चकचकीत व भरीव उतरला आहे ना, हे भिंगातून पाहावे.

०.२ अँपिअरच्या पंख्यासाठी नियामकात फार तर एक वॅट उष्णता निर्माण होते, पण तेवढ्यासाठीही लहानसा हीट सिंक लावणे इष्ट. नियामकाची धातूची पाठ आतून ‘आउटपुट’ला जोडलेली असते, ती कॅबिनेटच्या पत्र्याला टेकली की पंखा बंद पडलाच म्हणून समजावे. मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूभोवती प्लास्टिकची बुशी घालण्यात हयगय करू नये.

जोडणी पुरी झाल्यावर खुंटी किमान स्थानी ठेवून, यंत्र थंड असताना, अनेकवार बंद-चालू करून पाहावे. प्रत्येक खेपेस पंखा आपणहून उठला, तरच झाकण लावावे. एकदाही अडखळला, तर स्थिर रेझिस्टरचे मूल्य १०० ओहमने वाढवून परीक्षा पुन्हा घ्यावी. प्रोसेसरच्या पंख्याला हा प्रयोग लावू नये. कॅबिनेटच्या पंख्यापुरताच तो विहित आहे.

(क्रमशः)