त्रेसष्ट ऐकलं, ३६ लिहिलं

दुसरीतलं मूल असं करतं तेव्हा रागावू नका. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, मग गोंधळ होणारच. म्हणूनच बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात जुन्या नावांसोबत ‘साठ तीन’ असं वाचनही दिलं. त्यावर चर्चेपेक्षा विनोदच जास्त झाले!

घरी चिंचोके काढा. दहा-दहाचे सहा ढीग आणि तीन सुटे मांडायला सांगा. ढिगांवर बोट ठेवत ‘दहा, वीस, तीस...’ मोठ्याने म्हणू द्या, आकडा त्यानंतर लिहू द्या. पाढ्यांची घाई नको. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेनेही पायाभूत वाचन-गणितासाठी तिसरीअखेरपर्यंतची मुदत धरली आहे. घरात रांगतं भावंड असेल तर खेळ संपताच चिंचोके उचलून ठेवा, ते नाका-तोंडात जातात.