खो मिळाला, की उठायचं!

धुळ्याला माहेरी गेले, की पहाटे पांझरेच्या काठाने एक फेरी मारून यायची, हा माझा जुना शिरस्ता. यंदा मात्र भाचीने तो मोडला. साडेपाचलाच ती पांघरूण ओढीत म्हणाली, "आत्या, नदी कुठं पळून जात नाही. आज माझ्याबरोबर मैदानावर चल."

गेले. बारा-पंधरा मुली अर्ध्या विजारी घालून, केस घट्ट बांधून मैदानावर पाणी शिंपडीत होत्या. दोन खांब, त्यांच्यामधली लांब पाटी आणि पाटीवर आखलेले आठ चौक. चुन्याचा आणि ओल्या मातीचा तो वास नाकात शिरला मात्र, आणि माझी चाळीस-पंचेचाळीस वर्षे कुठल्या कुठे गळून पडली. कारण वाचकहो, मीही एके काळी खो-खो खेळत असे!

हे ऐकून आमच्या जळगावच्या शेजारणी हसतात. माझ्या आजच्या देहयष्टीकडे पाहिले, तर त्यांचा दोष नाही. पण शाळेत असताना मी बऱ्यापैकी पळणारी होते. सामन्यासाठी धुळ्याहून जळगावला यायचे म्हणजे एस.टी.चा प्रवास. पारोळा, एरंडोल करीत, धूळ खात, गाणी म्हणत आम्ही येत असू. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. हरलो, तर परतताना कुणी बोलत नसे. जिंकलो, तर मेहरूणची बोरे घेऊन सगळ्या गाडीला वाटीत असू.

खो-खो हा आपल्याला इतका परिचयाचा खेळ, की त्यात विशेष ते काय, असे वाटते. पण एकदा पाटीवर बसून पाहावे! आठ जणी एकीआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसलेल्या, नववी पाठलाग करणारी. पळणाऱ्या तिघी-तिघी आत येतात. पळणारीला सगळी वाट मोकळी. ती दोघींच्या मधून हवी तशी निसटते. पाठलाग करणारीला मात्र एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि पाटी ओलांडता येत नाही. मागे वळायचे, तर खांबाला वळसा घालून; नाही तर बसलेलीच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने 'खो' म्हणायचे आणि तिच्या जागी आपण बसायचे. थाप आणि शब्द दोन्ही हवेत. त्याआधी उठलीस, तर फाऊल. एकटीने पळून गडी मिळत नाही, आणि बसलेलीचे लक्ष क्षणभर ढळले, की सगळा डाव फसतो. मोठ्यांच्या सामन्यात नऊ मिनिटांची पाळी असते. ती नऊ मिनिटे काय चीज आहे, ते छातीचा भाता झाल्यावरच कळते.

या खेळाला नियमांची चौकट दिली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, १९१४ साली. पुढे अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाल्या, आणि १९६०-६१ साली कोल्हापूरच्या स्पर्धेत महिला प्रथमच उतरल्या. १९७१ चा अर्जुन पुरस्कार अचला देवरे यांना मिळाला. खो-खोत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आमच्या बाई ते नाव अशा काही अभिमानाने सांगत, की जणू काही ती त्यांचीच लेक!

खेळणाऱ्या मुलीचे पुढे काय होते, असे विचारणाऱ्यांना मी आमच्या जळगावचेच उदाहरण देते. मूळजी जेठा महाविद्यालयात टेबल टेनिस खेळून ढाली मिळवणारी एक मुलगी १९६२ साली जळगावातून आमदार झाली आणि २००७ साली भारताची पहिली महिला राष्ट्रपती. प्रतिभाताई पाटलांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या हातातली ती बॅट फारशी कुणाच्या ध्यानात नाही.

पण सगळ्यांच्याच वाट्याला असे भाग्य येत नाही. मी अठरा वर्षांची झाले आणि घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. एकदा सूर मारताना गुडघा चांगलाच फुटला. आजीने हळद लावता लावता म्हटले, "सासरले जानं शे ना बाई!" तिच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. पायाला खोड राहिली, तर मुलीला कोण पत्करणार? दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले नाही. कुणी मनाई केली नव्हती. मीच काही बोलले नाही.

आता हे सगळे आपल्याकडेच असते, असे मी समजत होते. परवा भाचीने मला ऑस्ट्रेलियातल्या बायकांच्या फुटबॉलची हकीकत सांगितली. त्यांचा फुटबॉल निराळाच! मैदान लंबगोल आणि चेंडूही लंबगोल. तो पायाने मारायचा, हातात धरून पळायचे, मुठीने ठोसून सोबतिणीकडे द्यायचा. टोकाला चार खांब. मधल्या दोहोंतून लाथेने पार केला, तर सहा गुण. बाजूने गेला, तर एक. पुरुषांचा हा खेळ शंभरावर वर्षे जुना, पण बायकांची राष्ट्रीय साखळी सुरू झाली ती २०१७ साली. ३ फेब्रुवारीला मेलबर्नमध्ये पहिला सामना झाला, तेव्हा चोवीस हजारांवर माणसे आत गेली आणि दरवाजे बंद करावे लागले! त्या पहिल्या वर्षांत कुणी खेळाडू परिचारिका, कुणी शिक्षिका. दिवसा नोकरी करायची आणि संध्याकाळी सराव.

त्यांतल्याच टेला हॅरिस हिचे २०१९ साली एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. चेंडू लाथाडताना पाय उंच गेलेला, अंग हवेत. त्यावर लोकांनी इतके घाणेरडे शेरे मारले, की ते छायाचित्र काढून टाकले गेले. मग उलटा ओरडा झाला, ते पुन्हा लावले गेले, आणि त्याच वर्षी मेलबर्नच्या भर चौकात त्याच लाथेचा पुतळा उभा राहिला. ऐकून मला अर्ध्या विजारीवरून गल्लीत ऐकलेले शब्द आठवले. म्हणजे अंतर हजारो मैलांचे, पण शेरे तेच!

आपल्याकडेही दिवस पालटले आहेत. धाराशिवच्या सारिका काळेने घरच्या हलाखीतून वर येऊन २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णविजेत्या संघाचे नेतृत्व केले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोला बावीस वर्षांनी. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. गंमत म्हणजे त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मुलीही पाटीवर बसल्या होत्या!

विश्वचषक मिळाला, तरी घरोघरचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्याच सुट्टीत भाचीला पाहायला मंडळी आली. आदल्या दिवशी तिचा घोटा मुरगळलेला. वहिनीने तिला लंगडू नकोस म्हणून चारदा बजावले. चहा-पोहे झाले. मुलाची आई सौम्यपणे म्हणाली, "खेळाचं ठीक आहे हो, पण लग्नानंतर सोडेलच ना?"

दादाने वहिनीकडे पाहिले, वहिनीने जमिनीकडे. भाची गप्प. मला वाटले, ती पाटीवर बसली आहे. खो मिळाल्याशिवाय तिला उठता येत नाही.

"का सोडावा?" मी म्हटले. "मी सोडला होता. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं, तरी सोडला. अजून चुटपुट लागून राहिली आहे."

बैठकीत शांतता पसरली. मग भाची मान वर करून स्पष्टपणे म्हणाली, "काकू, विद्यापीठाच्या संघासाठी माझी निवड-चाचणी आहे. ती मी देणार. पुढंही खेळणार. हे आधीच सांगितलेलं बरं."

मंडळी "कळवतो" म्हणून गेली. काय कळवतील, ठाऊक नाही. वहिनी दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली, ती स्वयंपाकघरातल्या खुडबुडीने. वहिनी लेकीच्या घोट्याला गरम लेप लावीत होती, आणि ओट्यावर दशम्यांचा डबा भरून ठेवलेला होता.