सातासमुद्रापलीकडचा फोन आणि वस्तीपर्यंतची वाट

परदेशात फोन लावणे ही आज कुणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. आखाती देशात गवंडीकाम करणारा मुलगा रात्री खोलीवर आला की मोबाइल समोर धरतो आणि इकडे वस्तीतली आई त्याचा चेहरा पाहून ‘जेवलास का रे?’ म्हणून विचारते. हे पाहून आम्हाला आनंद वाटतो. पण हे दिवस येण्यापूर्वी आपल्या माणसांनी काय सोसले, हे आमची पिढी विसरू शकत नाही. परदेशी फोनचा इतिहास हा नुसता तारा, उपग्रह आणि मोबाइलचा इतिहास नाही. कुणाचा आवाज पोहोचू द्यायचा आणि कुणाचा वाटेत अडवायचा, याचाही तो इतिहास आहे.

७ जानेवारी १९२७ रोजी न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात दूरध्वनी सेवा सुरू झाली. अटलांटिक महासागरावरून रेडिओलहरींनी माणसाचा आवाज जाऊ लागला. पहिल्या तीन मिनिटांना ७५ डॉलर मोजावे लागत. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यापायी आपल्या माणसांची डोकी फुटली. विज्ञानाने महासागर ओलांडला होता, पण इथल्या व्यवस्थेला आम्ही तळ्याची पायरी ओलांडलेलीही चालत नव्हती. वाचक म्हणतील, फोनचा आणि महाडचा काय संबंध? संबंध आहे. यंत्र कितीही पुढारलेले असो, ते ज्या समाजात येते त्या समाजाच्या रीतीनेच वापरले जाते.

बाबासाहेबांच्या परदेशातील शिक्षणकाळात घर आणि परदेश यांच्यामध्ये फक्त पत्र आणि तार होती. १९१७ साली ते लंडनहून परतत असताना त्यांचे सामान आणि पुस्तके घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडवले गेले. त्या बातमीने घरच्यांचा जीव टांगणीला लागला. बाबासाहेब दुसऱ्या जहाजात आहेत आणि सुखरूप आहेत, एवढे कळायलाही वाट पाहावी लागली. पुढे १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण, हा वाद पेटला तेव्हा बाबासाहेबांना पाठिंबा देणाऱ्या तारा इथून लंडनला गेल्या. ज्यांच्या घरी दिव्याला तेल नव्हते त्यांनी पै-पैसा जमवून आपला आवाज साहेबाच्या दरबारात पोहोचवला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला तेव्हाही तो मजकूर तारेनेच लंडनला गेला. मुंबई आणि लंडन यांच्यातील रेडिओ-दूरध्वनी सुरू झाला तो १९३३ मध्ये. तो अर्थातच सरकारी अधिकारी आणि बड्या व्यापाऱ्यांसाठी होता.

स्वातंत्र्यानंतर परदेशी दळणवळण सरकारच्या हाती आले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याच महाराष्ट्रात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रहाशी जोडणारे भूकेंद्र उभे राहिले. १९७६ मध्ये मुंबईहून लंडनला थेट डायल करण्याची सोय झाली. याच दशकात तेलाचे भाव चढले आणि आखातात कामाला माणसे लागू लागली. कोकणातून, मुंबईच्या चाळींतून, झोपडपट्ट्यांतून गवंडी, फिटर, वेल्डर, ड्रायव्हर निघाले. त्यांत आपलेही तरुण होते. पण थेट डायलची सोय त्यांच्यासाठी नव्हती. त्यांच्या घरी फोनच नव्हता! पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागत. कुणी गावी येणारा भेटला तर त्याच्याबरोबर टेपरेकॉर्डरची कॅसेट पाठवायची, त्यात आपला आवाज भरायचा, आणि इकडे सगळ्या घराने तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकायचा.

आमच्या गावच्या एका मावशींची हकीकत सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा कुवेतला सुताराच्या कामावर होता. गावात फोन एकच, तोही एका बड्या घरी. मुलाने वर्षातून दोन-चार वेळा तिथे फोन करायचा आणि त्या घरातून कुणीतरी वस्तीत निरोप द्यायचा, अशी व्यवस्था होती. निरोप देणे न देणे हे त्या घराच्या मर्जीवर. मावशी धावत जायच्या. त्यांना ओसरीवर प्रवेश नव्हता. त्या अंगणात उभ्या राहायच्या आणि रिसीव्हर खिडकीतून बाहेर दिला जायचा. बोलणे झाल्यावर तो फडक्याने पुसून आत घेतला जायचा. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले. तिथले फोन बंद पडले. मावशींच्या मुलाचा पत्ता लागेना. त्यांनी अन्न सोडल्यासारखेच केले होते. रेडिओवर बातम्या लागल्या की त्या बुद्धविहाराच्या पायरीवर येऊन बसायच्या. तिथे अडकलेल्या भारतीयांना बस आणि ट्रकने जॉर्डनच्या अम्मान शहरापर्यंत यावे लागले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी त्यांना मुंबईला आणले गेले. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे त्या मोहिमेत परत आली. मावशींचा मुलगाही आला. मुंबईत उतरल्याबरोबर त्याने पहिले काम केले ते गावच्या त्या घरी फोन करण्याचे. ‘आईला सांगा, मी जिवंत आहे’, एवढाच त्याचा निरोप होता. तो निरोप वस्तीत आला तिसऱ्या दिवशी. तोही सहज, विहिरीकडे जाता जाता : ‘अगं, तुझ्या पोराचा फोन आला होता परवा.’

युद्धातून, वाळवंटातून, तीन देशांच्या सीमा ओलांडून माणूस मुंबईला पोहोचला. त्याचा आवाज मुंबईहून गावापर्यंतही पोहोचला. पण त्या ओसरीपासून आमच्या वस्तीपर्यंतचे तीनशे पावलांचे अंतर कापायला त्या आवाजाला तीन दिवस लागले. आम्ही तेव्हापासून म्हणतो, सर्वांत लांबचा फोन दुबईचा नाही, कुवेतचा नाही. तो गावापासून वस्तीपर्यंतचा आहे.

मग पिवळ्या पाटीचे दिवस आले. एसटीडी, आयएसडी, पीसीओ ही अक्षरे न शिकलेल्या माणसांनाही पाठ झाली. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर आपल्याच समाजातील एका अपंग तरुणाला बूथ मिळाला. फोन महागच होता. नव्वदच्या दशकात अमेरिकेला एक मिनिट बोलायचे तर साठ रुपयांच्या वर जात, म्हणजे शेतमजुराच्या दिवसभराच्या मजुरीहून अधिक. बूथमध्ये लाल आकडे धावू लागले की काळीज धावू लागे. तरीही त्या बूथचे मोल आम्ही जाणतो. मावशींचा मुलगा पुढे दुबईला गेला तेव्हा त्या तालुक्याला जाऊन फोन लावायच्या. त्यांना अक्षर येत नव्हते, पण आकडे ओळखता येत. आधी दोन शून्ये, मग ९७१, मग नंबर. घराच्या भिंतीवर त्यांनी तो कोळशाने लिहून घेतला होता. बूथमध्ये त्या काचेच्या आत खुर्चीवर बसून, दार लावून बोलत. अंगणात उभे राहणे संपले. पैसे मोजले की रिसीव्हर हातात. पुसायला कुणी फडके घेऊन उभे नव्हते. खुर्चीवर बसून मुलाशी बोलण्याचा तो मान आमच्या दृष्टीने बिलाच्या रकमेपेक्षा मोठा होता.

तिकडे मुलांचे हाल वेगळे होते. आठवड्याच्या सुट्टीला, शुक्रवारी, टेलिफोन केंद्रापुढे रांगा लागत. कार्ड घासायचे, नंबर लावायचा, पैसे संपत आले की आतला आवाज सूचना देई आणि नेमके महत्त्वाचे बोलणे राहून जाई. गावच्या एसटीडी कोडचा पहिला शून्य काढायचा असतो हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी फोन लागतच नसत. आणि या फोनच्या पैशाचे गणितही समजून घ्या. दोन देशांच्या कंपन्या परदेशी कॉलचे पैसे आपसात वाटून घेत. भारतातून बाहेर जाणाऱ्या फोनपेक्षा बाहेरून येणारे फोन अधिक असल्यामुळे भारताच्या पदरात परकीय चलन पडत असे. म्हणजे घाम गाळणारा कामगार घरी पैसे पाठवी तेव्हा देशाला चलन मिळे आणि तो आईशी बोले तेव्हाही मिळे.

परदेशी फोनवरील सरकारी कंपनीची, म्हणजे विदेश संचार निगमची मक्तेदारी ३१ मार्च २००२ रोजी संपली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ती कंपनी खासगी उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली होती. स्पर्धा आली आणि दर झपाट्याने खाली आले. हा फायदा आम्ही नाकारत नाही. पण त्याच सौद्यात तिथल्या आमच्या राखीव जागांचे संरक्षणही गेले, हे कुणी मोठ्याने बोलले नाही. फोन स्वस्त झाला याचा आनंद मानणाऱ्यांनी ही वजाबाकीही मांडली पाहिजे.

त्यानंतर मोबाइल घरोघरी आला. २०१५ पासून व्हॉट्सॲपवर बोलता येऊ लागले, २०१६ मध्ये चेहराही दिसू लागला. आता निरोप द्यायला कुणाची ओसरी नको. पण फोन हातात आला म्हणजे अंतर संपले, असे समजणारा भोळा आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याला जीव गमवावा लागला. खिशातला फोन आमचा झाला. तो मोठ्याने वाजण्याचा हक्क मात्र अजून रक्त मागतो.

आणि आखातातल्या आपल्या मुलांचे काय? इंटरनेटवरून होणाऱ्या फुकट कॉलवर तिथल्या सरकारांनी वर्षानुवर्षे बंधने ठेवली. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये ती सैल केली. अमिरातीत परवाना मिळालेल्या ॲपवरूनच बोलण्याची सक्ती राहिली. फोन अडतो तो केवळ यंत्रामुळे नव्हे. पासपोर्ट मालकाने ठेवून घेऊ नये असा नियम असूनही तो ठेवून घेतला जातो. पगार थकतो. मोबाइलचे रिचार्ज संपते. घरी सांगितले तर आई रडेल म्हणून मुलगा ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतो. आवाज पोहोचतो, पण खरी गोष्ट पोहोचत नाही. हा फोन लागला असे आम्ही कसे म्हणायचे?

म्हणून आमचे समाजाला काही सांगणे आहे. मुलगा परदेशी निघाला की बुद्धवंदना घ्या, हार घाला, जरूर घाला. पण त्याच्या करारपत्राची, पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत घरात ठेवून घ्या. एजंटचा नंबर, मालकाचा नंबर आणि त्या देशातील भारतीय दूतावासाचा नंबर वहीत लिहा, नुसता मोबाइलमध्ये नको. मोबाइल हरवतो, वही राहते. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे आधी तपासा. दहावी न झालेल्या कामगाराला आखातात जाण्यासाठी १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ती टाळून पर्यटक व्हिसावर पाठवणाऱ्याच्या नादी लागू नका, कारण संकटात अशा माणसाची कुठेच नोंद सापडत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये तक्रारींसाठी ‘मदद’ नावाची सोय सुरू केली. ती कशी वापरायची हे विहारातल्या शिकलेल्या मुलांनी समजून घ्यावे आणि आया-बहिणींना करून दाखवावे. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश शाळेच्या भिंतींपुरता नाही.

आणखी एक. मुलाचा फोन आला की पैसे कधी पाठवतोस, एवढेच विचारू नका. पगार वेळेवर मिळतो का, पासपोर्ट कुणाकडे आहे, खोलीत किती माणसे राहतात, हेही विचारा. तो टाळाटाळ करू लागला तर ओळखा की काहीतरी अडले आहे, आणि चार माणसांना गोळा करा. संघटन म्हणजे केवळ मोर्चा नव्हे. एका घरी आलेला फोन चार घरांनी मिळून ऐकणे, हेही संघटनच आहे.

मावशी आता थकल्या आहेत. त्यांच्या घराची जुनी भिंत पडली, नवी विटांची झाली, कोळशाने लिहिलेला नंबर गेला. मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा नातवाचा फोन आला. बापाच्या वाटेने तोही आता परदेशी आहे. त्यांनी फोन कानाला लावला आणि ‘हॅलो’ न म्हणता, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात पहिला शब्द उच्चारला तो ‘जय भीम’. तिकडूनही तितक्याच जोराने ‘जय भीम, आजी’ आले. आम्ही मोजले नाही, पण मध्ये एक क्षणही गेला नसेल.

तीनशे पावलांना तीन दिवस लागत होते, तेव्हापासून आम्ही इथवर आलो आहोत. ही वाट पुन्हा कुणाच्या ओसरीवर अडकू द्यायची नाही, मग ती ओसरी गावातली असो की परदेशी मालकाची. जय भीम.