बालसंरक्षण : कार्यभाराच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न

चेन्नईतील वेलचेरी येथे निराधार बालक आढळल्यास त्यास, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 36 नुसार त्यापुढील सामाजिक तपास 15 दिवसांत पूर्ण व्हावयास हवा. घरभेट, शाळेत व शेजारी विचारपूस, मग अहवाल. हा सारा भार मोजक्या कार्यकर्त्यांवर असतो.

2009-10 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत प्रत्येक जिल्ह्यास एक कक्ष व त्यात सामाजिक कार्यकर्त्यांची दोन पदे असा आराखडा होता. ‘मिशन वात्सल्य’मध्येही कक्ष जिल्हानिहायच राहिला. विषमतेचे मूळ येथेच आहे. 2011 च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गची लोकसंख्या सुमारे 8.5 लाख, पुण्याची 94 लाखांहून अधिक, तर चेन्नई जिल्ह्याची 46 लाखांवर होती. 2018 मध्ये चेन्नई जिल्ह्याचे क्षेत्र 176 वरून 426 चौ.कि.मी. झाले.

कक्षांतर्गत प्रकरणे समसमान वाटणे सोपे खरे. पण ते न्याय्य नव्हे. हरवलेल्या मुलास घरी पोहोचविणे आणि अत्याचारपीडित बालकाचा खटल्याच्या निकालापर्यंत पाठपुरावा करणे, ही नोंदवहीत दोन ‘प्रकरणे’च ठरतात. डिसेंबर 2015 च्या पुरात वेलचेरीतील वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी कुटुंब स्थलांतरित झाले, की झालेली घरभेटही नव्याने करावी लागते. म्हणून प्रकरणाची गुंतागुंत, अंतर व टप्पा यांनुसार भारांक ठरवून दरमहा फेरवाटप करणे इष्ट होय. रजेवरील कार्यकर्त्याचे प्रकरणही लेखी सोपवावे. 15 दिवसांची मुदत त्याच्या रजेसाठी थांबत नाही.