चमचाभर मीठ, पण कोणतं?

धरमतर खाडीकाठच्या मिठागरांतलं जाडं मीठ चमच्याने मोजून घातलं, तर आमटी अळणी लागण्याचा संभव अधिक. मिठाच्या स्फटिकाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.१६ ग्रॅम, पण चमच्यात खड्यांमधली हवाही मावते. ५ मिलिलिटरच्या चमच्यात बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम बसतं, जाडं सहसा त्याहून कमी. पेणच्या पोह्यांचंही तसंच. २४० मिलिलिटरच्या कपात तांदूळ दोनशे ग्रॅमच्या आसपास, पातळ पोहे निम्म्याहूनही कमी. चार शेरांची पायलीही आकारमानाचीच. धान्य बदललं की तिचं वजन बदलायचं. रोजच्या भाताला वाटी पुरते. लोणच्याला मात्र मीठ तोलूनच घ्यावं. कमी पडलं तर बुरशी धरते.